धनी, घोडा आणि चाबुकस्वार

घोडा कसा पारखावा ह्याविषयी आपल्या देशात विपुल लिहिले गेले आहे. घोडा शिकविणारा मनुष्य कसा पारखावा ह्याविषयी मात्र लेखणी आखडती राहिली. शालिहोत्राच्या नावावर चालत आलेली परंपरा, जयदत्तसूरीचे अश्ववैद्यक, तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने १९५२ साली रंगीत चित्रांसह छापलेले नकुलाचे अश्वशास्त्र, ह्यांपैकी कोणताही ग्रंथ उघडावा. दात, खूर, रंग आणि विशेषतः अंगावरील आवर्त ह्यांच्या शुभाशुभ लक्षणांनी पानेच्या पाने भरलेली आढळतात. ही विद्या पोथीतच राहिली असेही नाही. मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरते, तेव्हा गंगाखेड, पालम, परभणी ह्या बाजूंनी घोडा घेण्यास जाणारा शेतकरी आजही प्रथम जबडा उघडून वय पाहतो, मग देवमण आहे की नाही आणि सापीण कोठे दडली आहे काय हे पाहतो, पंचकल्याणी असल्यास चार पैसे अधिक मोजतो, आणि शेवटी घोडा पळवून पाहतो. इतकी सावधगिरी बाळगणारा हाच मनुष्य घरी आल्यावर ते शिंगरू कोणाच्या हाती शिकावयास द्यावे ह्या प्रश्नाचा निकाल एका संध्याकाळी लावतो. कोणी तरी कोणाचे तरी नाव सांगतो, रक्कम ठरते, घोडा जातो. काही महिन्यांनी तो ‘तयार’ होऊन येतो. चाबुकस्वाराखाली तो कदम टाकतो, दुडकी चालतो, थांब म्हणता थांबतो. धन्याखाली मात्र आठ दिवसांत तोंड टाकू लागतो आणि पंधरा दिवसांत वेशीबाहेर पाऊल टाकीनासा होतो. धनी म्हणतो, शिकविणाऱ्याने फसविले. शिकविणारा म्हणतो, धन्याने बिघडविला. आमच्या मते ह्या तंट्यात दोघांचीही बाजू खरी असते, आणि म्हणूनच तो तुटत नाही.

ह्या तंट्याच्या मुळाशी हात घालणारा एक फार जुना ग्रंथ आहे. तो ग्रीक आहे, ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातील आहे, आणि अवघ्या बारा लहान प्रकरणांचा आहे. त्याचा कर्ता झेनोफन हा सॉक्रेटिसाचा शिष्य. इराणच्या अंतर्भागातून दहा हजार ग्रीक सैनिक परत आणणाऱ्या सेनानायकांपैकी तो एक, आणि त्या प्रवासाचा इतिहासकार म्हणूनच आपल्याकडील इंग्रजी शिकलेल्यांस तो ठाऊक असतो. अश्वविद्येवरील त्याचे हे पुस्तक मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्याने बाजूस सारलेले आणि घोडेवाल्याच्या दृष्टीस न पडलेले, असे दोन्हीकडून उपेक्षित आहे. ग्रंथारंभीच तो सायमन नावाच्या आपल्या पूर्वसूरीचा आदराने उल्लेख करितो आणि जेथे आपले मत सायमनशी जुळेल तेथे ते गाळावयाचे नाही असे बजावतो; कारण एवढा जाणता मनुष्य तेच म्हणाला होता हे कळले म्हणजे वाचकाचा विश्वास वाढेल. शास्त्रीय ग्रंथकाराच्या अंगी हा विनय असणे ही आम्हांस मोठीच गोष्ट वाटते.

आता प्रस्तुत विषय. पहिल्या प्रकरणात शिंगरू कसे विकत घ्यावे हे सांगून झाल्यावर, दुसऱ्याच्या आरंभी झेनोफन असा पवित्रा घेतो की, शिंगरू शिकविण्याची रीत सांगण्याची येथे गरज नाही. जे घोडा बाळगू शकतात ते संपन्न आणि राज्यकारभारात वाटा असलेले लोक. तरुणाने आपले शरीर कमवावे आणि स्वारीचा सराव करावा, वडीलधाऱ्याने घर, मित्र, राज्य आणि युद्ध ह्यांकडे पाहावे. शिंगरे शिकवीत बसण्यापेक्षा हे बरे. म्हणून शिंगरू शिकविणाऱ्याच्या स्वाधीन करावे. परंतु मुलास एखाद्या कारागिराकडे उमेदवारीस ठेविताना आपण करारनामा लिहितो, तसाच येथेही लिहावा. घोडा परत येईल तेव्हा त्यास काय काय येत असले पाहिजे ते त्यात नमूद असावे. मजुरी मिळावयाची असेल तर कोणत्या गोष्टींकडे लक्ष पुरवावे, ह्याची त्या कागदाने शिकविणाऱ्यास आठवण राहील.

शिकविणाऱ्यासाठी झेनोफनने वापरलेला शब्द ‘पोलोदाम्नेस’ असा आहे. ‘पोलोस’ म्हणजे शिंगरू, आणि उत्तरार्धातील धातू आपल्या संस्कृत ‘दम्’चा सख्खा भाऊ आहे. आपला ‘चाबुकस्वार’ शब्द ह्याहून सौम्य, पण आपण त्याचा अर्थ बिघडविला. फारसीत ‘चाबुक’ म्हणजे चपळ, कुशल. चाबुकस्वार म्हणजे निष्णात स्वार. मराठी कानास त्यात कोरडाच ऐकू येतो, आणि पुष्कळ चाबुकस्वारांनीही तोच अर्थ खरा मानून धंदा चालविला आहे.

करारनाम्याचा हा परिच्छेद वाचून आमचे व्यवहारी वाचक मान डोलावतील. लेखी असावे हे कोण नाकारील? पण ग्रंथ पुढे वाचीत गेले म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. ह्याच प्रकरणात, पुढच्याच वाक्यांत, झेनोफन सांगतो की शिंगरू शिकविणाऱ्याकडे जाण्यापूर्वीच ते गरीब, हाताळता येण्याजोगे आणि माणसाचे लोभी झालेले असले पाहिजे, आणि हे काम घरचे आहे. भूक, तहान आणि माश्यांचा त्रास ही एकांताशी जोडलेली, तर चारा, पाणी आणि त्या त्रासातून सुटका ही माणसाच्या येण्याशी जोडलेली, असे शिंगरास वाटले पाहिजे. मोतद्दाराने त्यास गर्दीतून न्यावे, नाना प्रकारची दृश्ये आणि आवाज ह्यांची सवय लावावी. ते बुजले तर रागावून नव्हे, चुचकारून समजवावे. चौथ्या प्रकरणात तो म्हणतो की तबेला असा असावा की घोडा वरचेवर धन्याच्या दृष्टीस पडेल. सहाव्यात बजावतो की रागाच्या भरात घोड्याजवळ कधीही जाऊ नये. आठव्यात तर सगळ्या विद्येचे मर्मच येते: माणसास माणूस शब्दांनी शिकवितो, घोड्यास शब्दांनी शिकविता येत नाही, त्याने हवे ते केले की त्यास सुख द्यावे, न केले की शासन करावे, एवढीच त्याची पाठशाळा.

आता हे सर्व कोणी करावयाचे? शिंगरू माणसाळविणे घरचे, बुजरेपण काढणे घरचे, पाहणी धन्याची, राग आवरणे धन्याचे, सुखाचा आणि शासनाचा क्षण ओळखणेही खोगिरावर बसलेल्याचे. करारनाम्याने जे बाहेर दिले ते पुढच्या दहा प्रकरणांनी एक एक करून परत घरी आणले. झेनोफन सेनानी म्हणून आणि अथेन्सचा सभ्य गृहस्थ म्हणून लिहितो तेव्हा त्यास वेळेचा हिशेब सुचतो. घोडेस्वार म्हणून लिहू लागला की हाताचा हिशेब सुचतो. दुसऱ्या प्रकरणातला गृहस्थ आणि आठव्यातला स्वार ह्यांची गाठ त्याने कोठेच घालून दिलेली नाही. ग्रंथाचा हा दोष आम्हांस खरा दोष वाटतो, कारण चाबुकस्वार निवडणाऱ्याची सारी अडचण ह्या दोघांच्या मधल्या जागेत आहे. जे शब्दांनी शिकविता येत नाही ते शब्दांनी लिहिलेल्या कागदावर एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती कसे पोचावे? कागद पोचेल, घोडा पोचेल. दोहोंमधील समजूत पोचणार नाही.

धनी आणि शिकविणारा ह्यांना पूर्णपणे अलग केले म्हणजे काय होते, हे पाहावयाचे तर कौटिल्याकडे जावे. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात अश्वाध्यक्षाचे प्रकरण आहे, र. पं. कंगले ह्यांच्या आवृत्तीमुळे ते आता कोणासही नीट वाचता येते. त्यात घोड्यांची नोंद, मोजमाप, रतीब, तबेल्याची रचना, वल्गन, नीचैर्गत, लंघन, धोरण आणि नारोष्ट्र असे स्वारीचे प्रकार, सर्व काही आहे. घोडे शिकविणाऱ्या योग्याचार्यांनी बांधणीचा साज कसा असावा ते सांगावे असे आहे. बांधणारा, गवत घालणारा, दाणा शिजविणारा, केस कापणारा, विषवैद्य, प्रत्येकाचे काम वेगळे आणि चुकल्यास त्या दिवसाचे वेतन बुडाले. व्यवस्था इतकी चोख आहे की तीत धन्याला स्थानच उरलेले नाही. धनी राजा आहे आणि तो घोड्यास ओळखत नाही. हजारो घोडे बाळगणाऱ्या राज्यास हे चालते, चालविणे भागच असते. एक घोडा बाळगणाऱ्या पाथरीच्या किंवा सेलूच्या गृहस्थाने मात्र आपल्या दारी अश्वाध्यक्षाचे खाते उघडू नये.

आपल्या इतिहासात ह्याला पर्याय होता आणि त्याचे नाव शिलेदार. शिलेदार स्वतःच्या घोड्यावर चाकरीस येई. बारगिरास घोडा सरकारी पागेतून मिळे. हिंगोली, जी १९९९ च्या मे महिन्यापर्यंत परभणी जिल्ह्यातच होती, तेथे निजामाच्या राज्यातील हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. कंटिंजंटचे रिसाले शिलेदारी पद्धतीचे होते, आणि १९०३ साली ती फौज हिंदुस्थानी सैन्यात विलीन होऊन छावणी उठेपर्यंत ह्या भागाला ती पद्धत परिचित होती. कंटिंजंटपासून निघालेल्या विसाव्या डेक्कन हॉर्सने १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या रणात हाय वूडपाशी भाले रोवून हल्ला केला. पुढे पहिल्या महायुद्धानंतर शिलेदारी मोडली, आणि आज डेक्कन हॉर्स हे नाव एका रणगाड्यांच्या पलटणीकडे आहे. शिलेदाराचे घोडे मेले तर त्याचे पोट बुडे. त्यामुळे घोड्याच्या शिक्षणाचा प्रश्न त्याने दुसऱ्यावर सोपविला नाही.

येथे इतिहासाचा जाणकार आम्हांस अडवील. शिवाजी महाराजांनी शिलेदारापेक्षा पागा सबळ केली, शिलेदार पागेच्या हुकमतीखाली ठेविले, हे सभासदाने स्वच्छ लिहिले आहे. मग मालकी आणि घोडेस्वारी ह्यांचा संबंध तोडणाऱ्याचीच सरशी झाली, असे नाही काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्याच सभासदाच्या बखरीत पंचवीस घोड्यांमागे एक पखाल आणि एक नालबंद दिल्याची नोंद आहे. म्हणजे मालकी सरकारची असली तरी देखरेख लहान लहान तुकड्यांत, डोळ्यांसमोर होती. आणि १६७३-७४ च्या सुमारास चिपळुणाजवळ दळवटण्याच्या छावणीतील अंमलदारांस महाराजांनी धाडलेले पत्र ज्याने वाचले आहे त्यास मालकी कोणाची हा प्रश्नच गौण वाटेल. पावसाळ्यापूर्वीच दाणावैरण उधळली तर भर पावसात घोडी मरतील, आगटीच्या ठिणगीने किंवा उंदराने ओढून नेलेल्या जळत्या वातीने गवताच्या गंजी पेटतील, इतक्या बारीक गोष्टींची धास्ती त्या पत्रात आहे. झेनोफनने चौथ्या प्रकरणात धन्याकडून ज्या नजरेची अपेक्षा केली ती हीच. धनीपण कागदावर नसते, ते अशा धास्तीत असते. आणि चाबुकस्वाराने ही धास्ती धन्याच्या मनात रुजवावयाची असते.

धनी आणि घोडा ह्यांची समजूत पटल्यावर काय दिसते, ह्याचे एक चित्र ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात नोंदविलेल्या आख्यायिकेत आहे. बाजीराव मोहिमेवर असताना कसा दिसतो ते काढून आणण्यास निजामाने चितारी धाडला. त्याने आणलेल्या चित्रात पेशवा घोड्यावर आहे, भाला खांद्यावर आहे, लगाम घोड्याच्या मानेवर सैल पडला आहे आणि तो दोन्ही हातांनी कणसे चोळून खात चालला आहे. आजवर ही गोष्ट पेशव्याच्या साधेपणाचा दाखला म्हणूनच सांगितली गेली. आम्हांस तीत घोडा अधिक दिसतो. लगाम मोकळा असून जो घोडा वाट सोडीत नाही, तो दुसऱ्या कोणी तयार करून आणून दिलेला नसावा.

घोडा वस्तुतः काय शिकतो, ह्याचा निकाल विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये लागला. फॉन ऑस्टेन नावाच्या निवृत्त शिक्षकाने आपल्या हान्स ह्या घोड्यास गणित शिकविले होते. बेरीज विचारली की तो खुराने तितके ठोके देई. १९०४ साली त्याची परीक्षा घेण्यास समिती बसली आणि ऑस्कर फुंग्स्ट ह्या मानसशास्त्रज्ञाने १९०७ मध्ये आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. विचारणाऱ्यास उत्तर ठाऊक नसले, किंवा घोड्यास तो दिसत नसला, की हान्स चुके. ठोके योग्य संख्येस पोचले की विचारणाऱ्याचे मस्तक नकळत किंचित हले, आणि घोडा ते हलणे वाचून थांबे. फॉन ऑस्टेन लबाड नव्हता. आपण खूण करितो हे त्यासच ठाऊक नव्हते. ह्या प्रकरणाची हकिकत लोक घोड्याची फजिती म्हणून सांगतात. आमच्या मते ती घोड्याच्या बुद्धीची थोर साक्ष आहे. तो माणूस शिकतो. चाबुकस्वाराकडे चार महिने राहिलेला घोडा त्या चाबुकस्वाराची मांडी, श्वास, खांदा शिकून येतो, आणि स्वतः चाबुकस्वारासही त्यातील अर्ध्या खुणा सांगता यावयाच्या नाहीत. धन्याने त्या खुणा जवळ राहूनच उचलल्या पाहिजेत.

ह्यावर चाबुकस्वारांची बाजू अशी, आणि ती निराधार नाही, की दोन हातांनी शिंगरू गोंधळते. धनी हौशी, उतावळा. घोड्याने पाय उचलला की दाणा देतो, चावला की हसतो. रिंगणात त्याची लुडबुड झाली तर कामाचे वाटोळे. शिवाय नोकरी किंवा शेती सांभाळून रोज दोन प्रहर त्याने द्यावे कोठून? पहिल्या आक्षेपाचे उत्तर व्हिएन्नाच्या स्पॅनिश अश्वशाळेने शतकानुशतके दिले आहे. तेथे नवख्या स्वारास कच्चा घोडा देत नाहीत. शिकलेल्या घोड्यावर, रिकीब आणि लगाम ह्यांवाचून, कित्येक महिने दोरीवर गोल फिरवितात. आपल्या भाषेत ह्या फिरविण्यास ‘कावा’ म्हणतात. आपण तो घोड्यास देतो, व्हिएन्नावाले आधी स्वारास देतात. कच्चे शिंगरू पक्क्या हाती आणि कच्चा धनी पक्क्या घोड्यावर, ही विभागणी चालू असताना दोन्ही एका रिंगणात, एका नजरेखाली असावी, एवढेच मागणे आहे. दुसऱ्या आक्षेपास आमच्यापाशी गोड उत्तर नाही. ज्यास रोज वेळ नाही त्याने शिंगरू घेऊ नये. वयात आलेला, शिकलेला घोडा घ्यावा, आणि त्यास शिकविणाऱ्याकडेच काही दिवस स्वतः शिकावे.

मग चाबुकस्वार पारखावा कसा? त्याच्याकडील घोडे पाहून तो पारखता येत नाही, कारण त्याच्याखाली सगळेच घोडे चांगले चालतात. त्याने शिकवून परत दिलेला घोडा वर्षभराने मूळ धन्याखाली कसा चालतो, ते त्या धन्याच्या दारी जाऊन पाहावे. तो बोलत असताना घोड्याच्या दोषांविषयीच बोलतो की स्वाराच्याही, हे ऐकावे. आपण उद्या सकाळी येऊन बसतो म्हटल्यावर त्याच्या कपाळास आठी पडते की काय, हेही पाहावे; ज्याची विद्या दाराआड चालते तिच्यात बहुधा उपासमार आणि मार ह्यांचा अंश असतो. लग्नाच्या वरातीपुढे ताशावर नाचविली जाणारी घोडी आपल्या भागात सर्वत्र दिसतात. त्यांच्या तोंडातील कडियाळ आणि पांढरे झालेले डोळे ज्याने निरखले त्यास झेनोफनने सायमनच्या नावावर सांगितलेला अकराव्या प्रकरणातील विचार पटेल: घोड्याने जबरदस्तीखाली केलेले काम त्यास समजलेले नसते, आणि फटके मारून नाचविलेल्या नर्तकाचे नृत्य जितके सुंदर तितकेच ते सुंदर. तेवीस शतकांपूर्वीचे हे निरीक्षण आमच्या वराती अद्याप रोज ताजे करीत आहेत.

करारनाम्याचा झेनोफनचा सल्ला आम्ही टाकून देत नाही. त्यातील एक कलम मात्र बदलू. घोडा परत येईल तेव्हा त्यास काय येत असावे, असे न लिहिता, घोडा परत येईल तेव्हा तो धन्याच्या हाती काय करील, असे लिहावे. धन्याने मोतद्दारावाचून खरारा करावा, चारही पाय उचलावे, कडियाळ चढवावे, तंग आवळावा. रिंगणात दोन्ही हातांवर कदम आणि दुडकी चालवावी. मग रस्त्याने, मोटारी आणि ट्रॅक्टर ह्यांच्यामधून, गावकुसाबाहेर नेऊन परत आणावे. आणि हे सर्व चाबुकस्वार बाजूस गप्प उभा असताना व्हावे. हे झाले म्हणजे शेवटचा हप्ता द्यावा. ह्या एका कलमाने चाबुकस्वाराचे हित धन्यास शिकविण्यात गुंतते, आणि झेनोफनच्या दुसऱ्या व आठव्या प्रकरणांची जी गाठ त्याने घातली नाही ती पडते.

मुदतीचाही विचार आमच्याकडे वेगळा करावा लागतो. माळेगावची यात्रा मार्गशीर्षाच्या अखेरीस. तेथून आणलेला घोडा स्थिरस्थावर होण्यास पौष जातो. माघापासून ज्येष्ठापर्यंतचे महिने काय ते कामाचे, आणि त्यांतही वैशाखात सकाळी आठानंतर घोडा उन्हात काढू नये. एकदा मृगाचा पाऊस लागला की गोदावरी आणि दुधना ह्यांमधील काळ्या रानात खुरास शेर शेर चिखल चिकटतो, घोडा घसरतो, आणि दावणीत उभा राहून खूर कुजतात. झेनोफनने अंगणात मुठीएवढे गोल धोंडे चारपाच गाड्या टाकून त्यावर घोडा उभा करण्यास सांगितले आहे, म्हणजे खूर कठीण होतात. त्याच्या देशी नाल ठोकीत नसत, हे खरे. पण गंगाखेडाजवळ नदीच्या पात्रात तसे धोंडे हवे तेवढे मिळतात, आणि पावसाळ्यापूर्वी दोन गाड्या दावणीखाली आणून टाकण्यास फारसा खर्च येत नाही.